त्रेसष्ट बायका

रस्त्यात अनोळखी बाईला थांबवून बोलतं करणं ही काही गंमत नव्हे. करून बघा एकदा. शनिवारची दुपार, चिकपेटची गल्ली, मागून हातगाडीवाला 'दारी बिडी, दारी बिडी' म्हणून वाट मागतोय, पुढे एक बाई दोन्ही हातांत पिशव्या घेऊन मेट्रोकडे सुटलीय, आणि तुम्ही तिला आडवं जाऊन विचारायचं की साडी घेताना तुम्ही आधी काय बघता. ती काय उत्तर देईल ते मी इथे लिहीत नाही. पण हेच प्रतिमाक्का पिसे विचारायच्या, आणि ती बाई पिशव्या खाली ठेवून दहा मिनिटं बोलायची, आणि निघताना 'येते हं अक्का' म्हणून जायची.

सव्वीस वर्षं त्यांनी हेच काम केलं. साबण, चहा पावडर, केसांचं तेल, कुकर, कशाकशाबद्दल विचारलं असेल त्याला गणती नाही. पिसे म्हणजे बेंगळुरूत चार पिढ्या मुरलेलं शिंप्याचं घर. रस्त्यावर कन्नड, शेजारी तमिळ, गल्लीत तेलुगू, कामावर हिंदी आणि घरात मराठी, अशा पाच भाषा बाईंच्या जिभेवर आयत्या. त्यांच्या मराठीत मधेच कन्नडातलं 'स्वल्प थांब' येतं, 'बरं'च्या जागी 'सरी, मग बघू' येतं, आणि पुण्याहून नव्याने आलेल्या पोरी ते ऐकून गालात हसतात. हसू देत. त्या पोरींना तेलुगू बाईकडून तिच्या घरात साडीचा रंग कोण ठरवतं हे काढून आणायला सांगा, मग कळेल.

या धंद्यात एक पाप आहे. बाकी चुका माफ होतात, हे होत नाही. ते म्हणजे घरी बसून फॉर्म भरणं. माणसाला भेटायचंच नाही, पंख्याखाली बसायचं, नावं आपल्या मनाने टाकायची आणि उत्तरंही आपणच द्यायची. कंपन्यांमध्ये त्यावर उपाय असतो. दहातल्या एका फॉर्मवरच्या नंबरला फोन करून खात्री करतात. प्रतिमाक्कांना त्याचीही गरज नव्हती. सुपरवायझर असताना त्या नुसता गठ्ठा चाळून सांगायच्या. खऱ्या फॉर्मवरचं अक्षर दुपारनंतर थकतं, उभ्याने लिहिलेलं तिरकं जातं, कुठे घामाचा डाग असतो. खोट्याचं अक्षर पहिल्यापासून शेवटपर्यंत ताजं. चंपा नावाच्या एका पोरीला त्यांनी असंच पकडलं होतं. ती पाया पडली, आई आजारी होती म्हणाली. प्रतिमाक्कांनी ऐकून घेतलं नाही. सगळ्यांदेखत तिचा गठ्ठा टेबलावर आपटला आणि म्हणाल्या की भीक माग, पण दुसऱ्याच्या तोंडी आपले शब्द घालू नकोस. हे वाक्य पुढे त्या नव्या मुलींना मोठ्या अभिमानाने सांगायच्या.

असो. अलीकडे कंपन्यांची कामं मोबाइलवर गेली, तशा प्रतिमाक्का मॅनेजमेंट शिकवणाऱ्या संस्थांची कामं घेऊ लागल्या. तिथेच त्यांना शलाका भेटली. ही पुण्याची, एचएसआर लेआउटमध्ये एका मैत्रिणीबरोबर राहणारी, ग्राहकांच्या वागण्यावर पीएचडी करणारी मुलगी. तिचा प्रश्न साधा होता. दुकानात विक्रेता समोर बसून माल दाखवतो, तेव्हा बाई घेते का, आणि घेत नाही तेव्हा का घेत नाही? त्यासाठी तिने चिकपेटमधलं एक जुनं साडीचं दुकान निवडलं. एकशेवीस बायका साडी घेऊन बाहेर पडलेल्या आणि एकशेवीस रिकाम्या हाताने बाहेर पडलेल्या, अशा दोनशे चाळीस जणींना दुकानाच्या दाराशी गाठायचं. फॉर्म कागदाचेच ठेवले, कारण त्या गर्दीत टॅब धरून उभं राहणं म्हणजे तो कुणाला तरी देऊन टाकणंच. शेवटचा प्रश्न मोकळा होता, बाई जे बोलेल ते तिच्या शब्दांत लिहायचं. फोन करून खात्री करायचा विषय निघाला तेव्हा शलाका म्हणाली की अक्का, तुमच्यावर कसली खात्री करायची.

दुकान प्रतिमाक्कांच्या पायाखालचं होतं. लग्नापासूनच्या त्यांच्या साड्या तिथल्याच. आत पांढऱ्या चादरीची लांबलचक गादी, गादीवर मांडी घालून बसलेले विक्रेते, आणि त्यात सगळ्यांत जुने शेषगिरीअण्णा. चौतीस वर्षं तिथे. बाई चप्पल काढून गादीवर टेकली की अण्णा आधी पाणी मागवणार, मग घरी कुणाचं काय आहे ते विचारणार, आणि मग एकेक साडी अशी उलगडून समोर टाकणार की मागच्या दोन बायकाही माना वळवणार. वीस उलगडतील, तीस उलगडतील, चेहऱ्यावर आठी नाही. बाई काही न घेता उठली तरी 'पर्वागिल्ला अक्का, हरकत नाही, पुन्हा या' म्हणून हसून घड्या घालायला बसणार.

श्रावणातल्या वरमहालक्ष्मीच्या सणाआधीचे पंधरा दिवस काम चाललं. त्या गर्दीत दाराबाहेर कोण उभं आहे ते आत गादीवरच्या अण्णांना कळायचंही नाही. साडी घेऊन आलेल्या बायकांचे फॉर्म पटापट झाले. खूश असलेलं माणूस बोलतं. पण रिकाम्या हाताने निघालेली बाई थांबेल कशाला? तिला उशीर झालेला असतो, मनासारखं मिळालेलं नसतं, वर ही कोण टपकली. सत्तावन्न बायका कशाबशा थांबल्या. बहुतेकींनी रंग नाही आवडला, दर परवडला नाही, सुनेला घेऊन येते, असं काही सांगितलं. त्यानंतर मात्र गाडी अडकली. गुडघे बोलायला लागले. आणि एका दुपारी एक तरुण बाई सगळ्या गर्दीत म्हणाली, "एवढं वय झालं तुमचं, घरी बसायचं सोडून लोकांना काय त्रास देता?" प्रतिमाक्कांनी हसून घेतलं. पण सव्वीस वर्षांत पहिल्यांदाच त्या कामाची वेळ संपायच्या आधी राजाजीनगरची मेट्रो धरून घरी आल्या.

दुसऱ्या दिवशी त्या गेल्याच नाहीत. जेवणाच्या टेबलावर फॉर्म काढून बसल्या. मला ठाऊकच आहे बायका काय म्हणतात, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि सव्वीस वर्षांच्या अनुभवाचं ते वाक्य त्यांना पटलंही. मग बाई कामाला लागल्या, आणि काय कसब लावलं म्हणता. चार वेगळी पेनं घेतली. काही फॉर्म उभ्याने, हातावर पाट धरून लिहिले, म्हणजे अक्षर तिरकं जावं. दुपारनंतरच्या फॉर्मवर अक्षर थकवलं. कुठे पाण्याचा थेंब टाकून पुसला. चोर पकडण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने चोरी करायची ठरवली की ती कशी होईल, तशी झाली. नवरा मधुकरराव, कारखान्यातून निवृत्त झालेला सरळ माणूस, चहाचा कप ठेवताना काय चाललंय म्हणाला, तर त्या म्हणाल्या, फेअर करतेय.

पहिल्या दोन-तीन फॉर्ममध्ये त्यांनी रंग आणि दर असंच लिहिलं. मग शेवटच्या मोकळ्या प्रश्नाशी हात रेंगाळला. आणि तिथे, कुणी बघत नाही, कुणाचं नावही खरं नाही म्हटल्यावर, त्यांच्या पोटातलं निघायला लागलं. एका बाईच्या तोंडी लिहिलं, 'एवढ्या साड्या उलगडून टाकतात की नाही म्हणताना मेल्याहून मेल्यासारखं होतं.' दुसरीच्या, 'पाणी पाजतात, घरचं विचारतात, मग उठायची लाज वाटते.' तिसरीच्या, 'मी आता त्या गादीवर बसतच नाही, लांबूनच बघून येते.' कन्नड बाई, तमिळ बाई, नोकरीवाली, घरी असणारी, सगळ्यांच्या तोंडून प्रतिमाक्काच बोलल्या. दोन दिवसांत त्रेसष्ट फॉर्म झाले. लिहून झाल्यावर त्यांना हलकं वाटलं, हे मी मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्यांना सगळ्यांत जास्त लाज याचीच वाटली.

शलाकाला ते फॉर्म म्हणजे लॉटरी लागली. दर आणि रंग तर सगळेच सांगतात, पण हे कुणी सांगितलं नव्हतं! विक्रेत्याचा चांगुलपणाच गिऱ्हाइकाला पळवून लावतो. तिने त्यावर अख्खं प्रकरण लिहिलं, एका परिषदेत निबंध वाचला, तिच्या मार्गदर्शकांनी पाठ थोपटली. आनंदाने तिने प्रतिमाक्कांना फोन केला की आभारात तुमचं नाव सगळ्यांत वर टाकलंय. प्रतिमाक्का 'सरी, सरी' म्हणाल्या आणि फोन ठेवून बराच वेळ पडद्याच्या दोरीशी चाळा करत उभ्या राहिल्या. पण कागदावरची गोष्ट कागदावर राहील, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. प्रबंध कोण वाचतो?

वाचला. दुकानाने परवानगी दिली होती, म्हणून शलाकाने ठरल्याप्रमाणे निष्कर्षांची एक प्रत दुकानात पाठवली होती. मालकाचा नातू अभिराज नुकताच कारभार बघायला लागला होता, आणि त्याला जुनं काहीतरी मोडायला कारण हवंच होतं.

हे प्रतिमाक्कांना कळलं ते सहा महिन्यांनी, भाचीच्या लग्नाची साडी घ्यायला गेल्यावर. दार उघडलं आणि त्यांना वाटलं आपण दुकान चुकलो. गादी नव्हती. काचेचे रॅक, हँगरवर लटकवलेल्या साड्या, आणि 'प्लीज ब्राउझ, मॅम' म्हणणारी एक मुलगी. अण्णा कुठे आहेत विचारलं तर तिने मागे बोट दाखवलं. मागच्या गोदामात, ट्यूबलाइटखाली, शेषगिरीअण्णा स्टुलावर बसून साड्यांना बारकोडची लेबलं चिकटवत होते.

प्रतिमाक्कांना बघून ते उठले, पण पूर्वीसारखं हसले नाहीत. नजर खाली. घरचं काही विचारलं नाही. प्रतिमाक्कांनीच विचारलं की हे काय झालं, तेव्हा त्यांनी कन्नडात, अगदी शांतपणे सांगितलं. कुणी कॉलेजवाल्यांनी बायकांना विचारून अहवाल केला होता. अभिराजने सगळ्या नोकरांना समोर बसवून त्यातली उत्तरं वाचून दाखवली. पाणी पाजतात ते, मेल्याहून मेल्यासारखं ते, लांबूनच बघून येते ते. मालकाने नोकरी घेतली नाही, जुना माणूस म्हणून इथे बसवलं, त्याबद्दल त्यांची तक्रार नव्हती. "पण अक्का," ते म्हणाले, "चौतीस वर्षं मला वाटत होतं की मी बायकांना मान देतो. आणि त्या माझ्यासमोर चोरासारख्या बसत होत्या. साठांहून जास्त बायकांनी एकाच पावसाळ्यात सांगितलं. म्हणजे एवढ्या वर्षांत किती झाल्या असतील? मी आता पुढे जातच नाही. बायकांकडे बघायचीच लाज वाटते."

आणि मग या माणसाने हात जोडले. "तुम्हालाही माझ्यामुळे कधी संकोच झाला असेल तर पोटात घाला."

तसं काही नाही अण्णा, एवढंही प्रतिमाक्कांच्या तोंडून निघालं नाही. भाचीची साडी तशीच राहिली. मेट्रोत त्यांना बसायला जागा मिळाली, पण बसवेना. घरी आल्यावर त्यांनी मधुकररावांना सगळं सांगितलं. मधुकरराव ऐकून घेऊन म्हणाले, त्या मुलीचा प्रबंध जायच्या आत तिला सांग, नंतर सांगून ते नुसतं तुझ्या मनासाठी होईल. तेहतीस वर्षांच्या संसारात त्यांनी बायकोच्या कामात पहिल्यांदाच तोंड घातलं होतं, आणि नेमकं घातलं होतं.

प्रबंध द्यायला तीन आठवडे उरले होते. प्रतिमाक्का एचएसआरला शलाकाच्या फ्लॅटवर गेल्या. तिने कॉफी केली, मैत्रिणीला 'ह्याच त्या अक्का' म्हणून ओळख करून दिली. मैत्रीण आत गेल्यावर प्रतिमाक्कांनी कपाला हात न लावता सांगून टाकलं. गुडघ्यांचं सांगितलं नाही, त्या तरुण बाईचं सांगितलं नाही. चंपाने आईचं आजारपण सांगितलं होतं आणि आपण ते ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या डोक्यात होतं. त्रेसष्ट फॉर्म मी घरी बसून भरले, एवढंच म्हणाल्या.

शलाका ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती विचारायला लागली, कोणते त्रेसष्ट. मग कपाटातून एकशेवीस फॉर्मचा गठ्ठा काढून तिने त्यांच्यापुढे ठेवला. प्रतिमाक्का एकेक बाजूला काढू लागल्या. त्यांना एकही आठवायला थांबावं लागलं नाही. अर्ध्या तासाने डावीकडे त्रेसष्ट आणि उजवीकडे सत्तावन्न असे दोन ढीग झाले. शलाकाने उजवीकडचा ढीग हळूहळू वाचून काढला. रंग, दर, सुनेला घेऊन येते. संकोचाबद्दल तीन बायका बोलल्या होत्या, तेही जाता जाता.

"हे अक्षर तुम्ही मुद्दाम तिरकं काढलंत?" तिने डावीकडचा एक कागद उचलून विचारलं.

"हो."

"मी याचा फोटो स्लाइडवर लावला होता, अक्का. फील्डवर काम कसं होतं ते दाखवायला."

प्रतिमाक्कांनी मान खाली घातली. भुई दुभंगून पोटात घेईल तर बरं असं वाटण्याची ही वेळ होती, पण एचएसआरच्या चौथ्या मजल्यावर भुई कुठली. शलाकाने त्यांना दारापर्यंत सोडलं, लिफ्टचं बटन दाबलं, आणि आपण कुणाला काय कळवणार आहोत ते नीट सांगितलं. आवाजात राग नव्हता. अक्का मात्र ती म्हणाली नाही, मॅडम म्हणाली.

तिने शब्द पाळला. मार्गदर्शकांना लिहिलं, निबंध मागे घेतला, प्रकरण काढून टाकलं, प्रबंध वर्षभर लांबला. अभिराजलाही पत्र गेलं. त्याचं उत्तर दोन ओळींचं होतं. कळवल्याबद्दल आभार, पण रॅक बसवून झाले आहेत आणि आजकाल बाजाराचा कल तसाच आहे. म्हणजे गादी गेली ती गेलीच. शेषगिरीअण्णांना कुणी काही सांगण्याचा प्रश्नच आला नाही. ते कोण, नोकर.

तेव्हा ते काम प्रतिमाक्कांकडेच आलं. त्यांनी महिनाभर टाळलं. कधी गुडघा, कधी पाहुणे. अण्णांना गादी परत मिळणार नाही, पण निदान मान वर करून बघता येईल, एवढं तर आपण देऊ शकतो, हे त्यांना कळत होतं. आणि तेवढं न देता त्या रोज जेवत होत्या, झोपत होत्या, शेजारणीशी बोलत होत्या. शेवटी एका मंगळवारी, दुकान उघडताच, त्या थेट गोदामात गेल्या.

अण्णांनी स्टूल पुढे केलं. त्या उभ्याच राहिल्या. चिकपेटच्या रस्त्यात कुणालाही बोलतं करणाऱ्या या बाईला स्वतःला बोलतं करायला किती वेळ लागला ते विचारू नका. पण बोलल्या. दाराशी उभं राहून प्रश्न विचारणारी मीच होते, त्यातल्या त्रेसष्ट बायका मला भेटल्याच नाहीत, मी घरी बसून लिहिलं. खऱ्या बायकांनी तुमच्याबद्दल वाईट काही सांगितलं नाही अण्णा, रंग आणि दर, एवढंच. तुम्ही पुढे जा, बायकांशी बोला, तुमचं काही चुकलेलं नाही.

शेषगिरीअण्णांचा हात लेबलावर थांबला. कितीतरी महिन्यांनी त्यांनी एका बाईच्या डोळ्यांत बघितलं. चेहरा मोकळा होत चाललेला प्रतिमाक्कांना दिसला, आणि त्यांच्या जिवात जीव आला.

"म्हणजे त्या बायका नव्हत्याच?"

"नव्हत्या."

"पाणी पाजतात, ते... उठायची लाज वाटते, ते?"

"ते माझं."

अण्णांनी हातातलं लेबल खाली ठेवलं. "पण ते इतकं नेमकं तुम्हाला सुचलं कसं, अक्का?"

इथे खोटं बोलणं सोपं होतं. असंच सुचलं, एवढं म्हणायचं होतं, की काम झालं. त्रेसष्ट वेळा खोटं लिहिलेल्या बाईला चौसष्टावं जड नव्हतं, आणि यावेळी ते कुणाच्या तरी भल्याचं असतं. प्रतिमाक्कांनी तोंड उघडलं, पण अण्णा त्यांच्याकडे बघत होते. बाईंनी नजर खाली वळवली, आणि अण्णांना उत्तर मिळालं.

"तुम्हाला तसं वाटायचं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्यापासून, अण्णा. लग्नाच्या साडीपासून."

अण्णांनी मान हलवली. राग नव्हता, जुना हिशेब लागल्यावर माणूस मान हलवतो तशी हलवली. मग लेबलांची पट्टी परत हातात घेतली.

"त्या त्रेसष्ट बायकांना मी ओळखत नव्हतो, अक्का," ते म्हणाले. "आज ना उद्या विसरलो असतो."

आणि त्यांनी पुढची साडी ओढून घेतली. प्रतिमाक्का बाहेर आल्या. दुकानात त्या मुलीने त्यांना काही हवंय का विचारलं, त्या नाही म्हणाल्या आणि गर्दीत मिसळून गेल्या.